गेर्षोमाचे घर

(शास्त्रपाठ : निर्गम १८:१-७)



निर्गमाच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय आमच्या हातून मंडळीपुढे किती वेळा वाचला गेला असेल, याची गणती नाही. गावात नवे वडील नेमावयाचे असले, की पाळकास हा अध्याय हटकून आठवतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करीत बसला आहे, लोक ताटकळत उभे आहेत, आणि त्याचा सासरा इथ्रो त्यास समजावितो की अशाने तूही झिजशील व लोकही झिजतील, तर विश्वासू माणसे निवडून त्यांजमध्ये काम वाटून दे. यावर आम्ही पुष्कळ उपदेश केले, आणि ते अगदीच वाईट नव्हते. परंतु इथ्रो तेथे आला कशासाठी, हे आम्ही कधी विचारले नाही. तो सल्ला देण्यास आला नव्हता. तो मोशेची बायको व त्याचे दोन मुलगे यांस पोहोचविण्यास आला होता.

ही गोष्ट आमच्या ध्यानात आली ती एका जोडप्यामुळे. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी सायंकाळी आमच्या मंडळीतील एक तरुण शिक्षक व त्याची पत्नी आमच्या ओट्यावर येऊन बसली. त्यांचा तीन वर्षांचा मुलगा अंगणातील डबक्यात खडे टाकीत होता. तरुण म्हणाला, “पाळकसाहेब, प्रभूने आम्हांस बोलाविले आहे. परदेशी सेवेस जावे असे आमचे ठरले आहे. मंडळीचे शिफारसपत्र पाहिजे.” तो अर्धा तास बोलला, आणि मनापासून बोलला. केरीसाहेबांचे चरित्र त्याने दोनदा वाचले होते. ती मात्र पदराचे टोक बोटास गुंडाळीत खाली पाहत होती. ‘आमचे ठरले आहे’ यातील ‘आमचे’ किती जणांचे, हे आम्ही विचारणारच होतो. पण पावसाची सर आली, मुलगा भिजला, आणि ती उठून त्याचे डोके पुसू लागली. पत्र मागाहून देऊ असे सांगून आम्ही त्यांस निरोप दिला. त्या रात्री केरीसाहेबांचे चरित्र आम्हीही पुन्हा उघडले, आणि त्याच्या शेजारी निर्गमाचे पुस्तक.

प्रथम शास्त्र पाहू. मोशे मिसरातून पळून मिद्यानात आला. तेथे इथ्रोची कन्या सिप्पोरा त्यास दिली गेली. पहिला मुलगा झाला तेव्हा बापाने त्याचे नाव गेर्षोम ठेविले, कारण आपण परक्या देशी उपरे झालो असे त्याच्या मनात होते (निर्गम २:२२). वाचकहो, हे दुःख कोणाचे आहे याचा विचार करा. मूल तर मिद्यानातच जन्मले. त्याची आई तेथली, आजा तेथला, ज्या मेंढरांमागे ते रांगले ती मेंढरे तेथली. त्यास तो देश परका नव्हता. परकेपणा बापाचा होता, आणि तो मुलाच्या नावात लिहिला गेला. जन्मभर कोणी हाक मारली की बापाचा वनवास त्याच्या कानी पडावा! धाकट्याचे नाव अलियेजर, म्हणजे माझा देव साहाय्य. परदेशी गेलेल्या सेवकांच्या घराण्यांचा निम्मा इतिहास या दोन नावांत आला आहे, असे आम्हांस वाटते.

पुढे मोशेस मिसरात जाण्याची आज्ञा झाली, तेव्हा बायकोस व मुलांस गाढवावर बसवून तो निघाला. मग केव्हा तरी त्याने त्यांस माघारी पाठविले. केव्हा व का, हे शास्त्र उघड करीत नाही. पाठविले होते, एवढेच अठराव्या अध्यायात येते. मिसरावर पीडा आल्या, वल्हांडण झाले, समुद्र दुभंगला. इस्राएलाच्या लेकरांनी जे पाहिले ते बहुतकरून मोशेच्या लेकरांनी पाहिले नाही. ती आजोळी होती. आता इथ्रो त्यांस घेऊन रानात येतो, आणि आगाऊ निरोप धाडतो की तुझी बायको व मुलगे घेऊन मी आलो आहे. मोशे सामोरा येतो, सासऱ्यास नमन करितो, त्याचे चुंबन घेतो. दोघे एकमेकांचे क्षेमकुशल विचारून तंबूत जातात, आणि परमेश्वराने काय काय केले ते मोशे त्यास सांगतो. गेर्षोमास तो काय बोलला? ते लिहिलेले नाही. त्याने मुलास उराशी धरले नसेल असे आम्ही म्हणत नाही. शास्त्र जेथे मुके आहे तेथे आपण बोलके होऊ नये. परंतु दुसऱ्या दिवशी मोशे पुन्हा सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांत बसला, हे मात्र लिहिलेले आहे. आणि काम वाटून दे हा सल्ला ज्या म्हाताऱ्याने दिला, त्याची लेक व नातवंडे तेव्हा तंबूत बसली होती.

आता केरीसाहेबांच्या घराकडे वळू. मराठी बोलणाऱ्यांवर त्यांचे ऋण आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली व संस्कृत यांबरोबर मराठीही शिकवीत. त्यांनी केलेले मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली व कोश १८१० साली श्रीरामपुरास छापून निघाला. (हे श्रीरामपूर बंगालमधील, हुगळीच्या काठचे, आपल्या उसाच्या मुलखातील नव्हे. आमच्या एका वृद्ध बंधूंची अशी समजूत होती की केरीसाहेब बेलापूर रोडास उतरले होते.) तेव्हा त्यांच्या घराविषयी आम्ही जे लिहितो, ते कृतघ्नपणे लिहीत नाही.

१७९३ साली त्यांनी हिंदुस्थानात येण्याचे ठरविले, तेव्हा त्यांच्या पत्नी डॉरथीबाई यांनी स्पष्ट नकार दिला. त्या इंग्लंडातील एका खेड्यातल्या, शाळा न शिकलेल्या, आणि त्या वेळी गरोदर होत्या. थोरला मुलगा फेलिक्स यास तेवढे घेऊन साहेब निघाले. परंतु कंपनी सरकारचा परवाना नव्हता, म्हणून जहाजावरून उतरावे लागले, आणि तेवढ्या अवकाशात बाई बाळंत झाल्या. साहेब व त्यांचे सोबती डॉक्टर टॉमस पुन्हा घरी गेले. बाईंनी पुन्हा नाही म्हटले. दोघे वाटेस लागले. मग टॉमस एकटेच माघारी फिरले, आणि न आलात तर जन्मभर पस्तावाल, असे त्यांनी बाईंस बजाविले. तेव्हा बहीण किटी बरोबर येत असेल तर येते, असे त्या म्हणाल्या. घाईघाईने घरातील चीजवस्तू आवरून, चार मुले व त्यांतील एक अंगावर पिणारे, असे ते कुटुंब १३ जून रोजी एका डॅनिश जहाजात बसले व ११ नोव्हेंबर रोजी कलकत्त्यास उतरले.

या प्रसंगी आम्ही फार वेळ थांबलो. टॉमस यांच्या उत्साहाविषयी आम्हांस शंका नाही. परंतु देवाच्या बोलावण्यास ‘हो’ म्हणणे वेगळे, आणि भयाने ‘बरे, येते’ म्हणणे वेगळे. पहिल्यात पाय आपले आपण उचलले जातात. दुसऱ्यात कोणी तरी हात धरून ओढीत असतो, आणि ज्याला ओढीत नेले त्याला वाटेतला प्रत्येक खडा टोचतो.

हिंदुस्थानात आल्यावर पैसा लवकरच सरला. एका जागेवरून दुसऱ्या जागी, तेथून सुंदरबनाच्या कडेस, असे भटकणे झाले. बाई व फेलिक्स रक्ताच्या हगवणीने खंगले. जिच्या आधारावर बाई निघाल्या होत्या ती बहीण लग्न होऊन मागे राहिली. शेवटी मुदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर साहेबांस काम मिळाले. तेथे १७९४ साली पाच वर्षांचा पीटर वारला. विटाळाच्या भयाने कबर खणावयास माणूस मिळेना, पेटी उचलावयास माणूस मिळेना. मोठ्या मिनतवारीने चार माणसे जमली. आमच्या खेड्यांतून आमच्या वाडवडिलांनीही असे प्रसंग पाहिले आहेत, म्हणून हे वाचताना घसा दाटून येतो. पीटरनंतर डॉरथीबाईंचे मन ढळले. त्यांस नाना प्रकारचे संशय येऊ लागले, त्या पतीस उघड दूषणे देऊ लागल्या, आणि पुढे पुढे त्यांस खोलीत कोंडून ठेवणे भाग पडले. ८ डिसेंबर १८०७ रोजी त्या वारल्या, तोवर सुमारे बारा वर्षे हे असे चालले. एका खोलीत त्या, आणि शेजारच्या खोलीत साहेब शास्त्राचे भाषांतर करीत आहेत!

या चित्रावरून साहेबांस दगड मारणारे पुष्कळ आहेत, आणि ते पाहून भक्तीने हात जोडणारेही पुष्कळ आहेत. आमच्याने दोन्ही होत नाही. त्यांनी बाईंस टाकून दिले नाही, अखेरपर्यंत घरातच सांभाळिले, हे खरे. भाषांतर न करिता ते त्या खोलीच्या दाराशी बसते तर बाई बऱ्या झाल्या असत्या, असे कोण सांगेल? परंतु मुलांचे काय झाले, ते पाहिले पाहिजे. आई तशी, बाप पुस्तकांत व उपदेशांत. मुलगे रानातल्या वेलींसारखे वाढले. १७९९ च्या अखेरीस मार्शमन कुटुंब व वॉर्डसाहेब बंगाल्यात आले, आणि पुढल्या वर्षी सर्वजण श्रीरामपुरास एकत्र राहू लागले, तेव्हा हॅना मार्शमनबाईंस पहिल्याने काय खटकले असेल तर केरींची मुले. त्यांस वळण म्हणून नव्हते, आणि बाप इतका मऊ की रागे भरणे त्यास जमत नसे. मार्शमनबाईंनी त्या मुलांच्या जेवणाखाण्याकडे, कपड्यांकडे, वागणुकीकडे लक्ष दिले. वॉर्डसाहेब छापखान्याचे काम करीत. त्यांनी फेलिक्सशी मैत्री जोडिली, आणि तो मुलगा हळूहळू माणसांत आला.

येथे आनंदाचीही गोष्ट सांगितली पाहिजे, कारण परदेशी गेलेल्या सेवकाच्या घरात केवळ कबरी नसतात. श्रीरामपूरच्या त्या घरात पंगत एक, तिजोरी एक, प्रार्थना एक. कोणाची मुले कोणाची, हे बाहेरच्यास कळू नये. सख्खे गणगोत समुद्रापलीकडे राहिले, तर प्रभूने चुलते, मावश्या व भावंडे दुसरीकडून दिली. आमच्या खेड्यातील एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसास याची गोडी वर्णन करून सांगावयास नको. आणि त्यातील भांडणेही नकोत, तीही तेथे झाली.

२८ डिसेंबर १८०० हा दिवस त्या घराच्या इतिहासात मोठा आहे. कृष्ण पाल नावाचा सुतार, त्या मंडळीचा पहिला बंगाली विश्वासी, यास केरीसाहेबांनी हुगळीच्या घाटावर बाप्तिस्मा दिला. त्याच पाण्यात, त्याच वेळी, त्यांनी आपला मुलगा फेलिक्स यासही बाप्तिस्मा दिला. सात वर्षे वाट पाहून मिळालेले पहिले पीक आणि घरचे लेकरू, एकाच दिवशी! बापास याहून काय पाहिजे? परंतु त्या दिवशी घरातून ओरडणे ऐकू येत होते. डॉक्टर टॉमस, ज्यांनी डॉरथीबाईंस भय घालून आणिले होते, त्यांचेही चित्त त्या सुमारास बिघडले होते. ते एकीकडे ओरडत होते, दुसरीकडे बाई ओरडत होत्या, आणि मध्ये घाटावर लोक गीत गात होते. मुलाचा बाप्तिस्मा आईने पाहिला नाही. वाचकहो, हा एकच दिवस नीट डोळ्यांपुढे आणिला, तर पुढचे आम्ही काही लिहिले नाही तरी चालेल.

तथापि फेलिक्सची गोष्ट पुरी केली पाहिजे. १८०७ साली तो मिशनरी होऊन ब्रह्मदेशात गेला. त्याची पहिली पत्नी वारली. १८१४ साली इरावती नदीत नाव बुडून त्याची दुसरी पत्नी व मुले वाहून गेली. त्यानंतर तो ब्रह्मी राजाचा वकील म्हणून थाटामाटाने कलकत्त्यास आला, आणि बापाने ते वैभव पाहून डोळे पुसले. पुढे राजाची मर्जी उतरली, व तो पूर्वेकडील डोंगरांत भटकला. त्यास शोधून घरी आणिले ते वॉर्डसाहेबांनी, ज्यांनी लहानपणी त्याच्याशी मैत्री जोडिली होती. शेवटची काही वर्षे त्याने श्रीरामपुरास बंगाली ग्रंथांचे चांगले काम केले, आणि १८२२ साली तो बापाच्या आधी वारला. आता दुसरी बाजू. ज्या १८१४ साली फेलिक्सचे घर नदीत बुडाले, त्याच साली आईच्या मांडीवर बसून इंग्लंडाहून आलेला तान्हा जाबेझ, आता जाणता होऊन, मोलुका बेटांतील आंबोयना येथे सेवेस निघाला, आणि बापाने त्याच्या मस्तकावर हात ठेविला. एकाच बापाची दोन लेकरे, एकच साल.

आपल्या मराठी मुलखात प्रथम आलेल्या अमेरिकन सेवकांची घरेही अशीच होती. हॉलसाहेब १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. त्यांच्यामागून येणाऱ्या न्यूवेलसाहेबांची पत्नी हॅरिएट, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशस बेटात वारली होती. कंपनी सरकारने कलकत्त्यास राहू दिले नाही, म्हणून ते तिकडे गेले. वाटेत जहाजावर मुलगी जन्मली, ती पाच दिवस जगली. हॉलसाहेबांचे लग्न १८१६ साली मुंबईतच झाले. पुढे मुंबईची हवा मुलांस मानवेना. १८२५ साली बाई दोन मुलांस घेऊन अमेरिकेस निघाल्या, आणि साहेब कामासाठी मागे राहिले. एक मूल समुद्रावरच वारले. दुसऱ्या वर्षी साहेब नाशकाकडे फेरीवर गेले असता तेथे पटकीची साथ होती. जवळचे औषध त्यांनी आजाऱ्यांस वाटून दिले. परतताना एका खेड्यातील देवळाच्या ओसरीवर रात्री मुक्काम केला; तेथे त्यांस पटकी झाली, आणि काही तासांतच, २० मार्च १८२६ रोजी, त्यांचा अंत झाला. बरोबर दोन मुले होती, त्यांनी त्यांस पुरले. ही बातमी जहाजाने अमेरिकेस जाऊन पोहोचेपर्यंत बाई किती महिने पतीच्या पत्राची वाट पाहत बसल्या असतील! वाचलेला मुलगा बापाचेच नाव धारण करून अमेरिकेत पाळक झाला. बापाचे तोंड त्यास कितपत आठवत असेल?

आता कोणी म्हणेल, त्या काळची गोष्ट वेगळी. आज विमानाने एका दिवसात जाता येते, आणि फोनवर मुलाचे तोंड रोज दिसते. खरे आहे, व त्याबद्दल देवाचे आभार मानावे. पटकीस औषध आहे, देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला आहे. परंतु ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर फोन ठेवून चालत नाही. आणि जो बाप एकाच घरात राहून मुलापासून दूर असतो, त्याच्यासाठी विमान कोठून आणावे? हे आम्ही दुसऱ्यावर बोट ठेवून लिहीत नाही. आम्ही समुद्र ओलांडून कोठे गेलो नाही. आमची सेवा सहा गावांच्या शिवेत आहे. आमचा मुलगा प्राथमिक शाळेत असता गुरुजींनी त्यास विचारिले, तुझे वडील काय करितात? तो म्हणाला, “ते लोकांच्या घरी असतात.” वर्गात हशा झाला. आमच्या कुटुंबाने ही गोष्ट घरी आम्हांस हसत सांगितली, आणि सांगून झाल्यावर तोंड फिरवून चुलीकडे पाहिले. त्या वेळी आम्हीही हसलो. हसावयास नको होते.

असो. आनंदाची एक गोष्ट आम्हांस फार प्रिय आहे, ती सांगतो. ब्रह्मदेशात जडसनसाहेबांस १८२४ साली लढाईच्या संशयावरून कैद झाली. त्यांच्या पत्नी अ‍ॅनबाई रोज तुरुंगाशी खेपा घालून अन्न पोहोचवीत, अधिकाऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत. तशा स्थितीत त्यांस मुलगी झाली. पुढे कैद्यांस दुसऱ्या गावी नेले, तेथे बाई तान्हीस घेऊन मागोमाग गेल्या, आणि अतिशय आजारी पडल्या. अंगावरचे दूध आटले. तेव्हा पहारेकऱ्यांस भेटी देऊन एवढी सवलत मिळाली की कैदी बापाने त्या हडकलेल्या पोरीस घेऊन गावात फिरावे. पायांत बेड्या, हातांत मूल, आणि तो गावच्या लेकुरवाळ्या बायांच्या दारांत उभा राहून पोरीसाठी दूध मागत आहे! त्या बायांनी पाजिले. त्या ख्रिस्ती नव्हत्या. जडसनसाहेब त्या लोकांस जीवनाची भाकर देण्यास गेले होते, आणि त्यांच्या लेकरास त्या लोकांनी जीव दिला. पुढे थोड्याच काळाने, १८२६ साली अ‍ॅनबाई वारल्या, आणि सहा महिन्यांनी ती मुलगीही गेली, हे आम्ही लपवीत नाही. तरी ती दारे उघडली होती. परदेशी गेलेल्या घराचा मोठा आनंद आम्हांस येथे दिसतो : देणारे म्हणून गेले, आणि घेणारे झाले. ज्या घरात लेकरू असते ते घर गावास परके राहत नाही; एकटा साहेब दहा वर्षांत जितक्या चुलींपाशी पोहोचत नाही, तितक्या चुलींपाशी त्याचे रांगते मूल एका उन्हाळ्यात पोहोचते.

ह्यूम घराण्याचे उदाहरणही आपल्याच मुलखातील आहे. थोरले ह्यूमसाहेब मुंबईस सेवा करीत. प्रकृती खालावून मायदेशी निघाले आणि १८५४ साली समुद्रातच वारले. विधवा मातेने मुलांस अमेरिकेत वाढविले. त्यांतील रॉबर्ट, जो १८४७ साली मुंबईस जन्मला होता, तो १८७४ साली आपण होऊन परत आला, आणि ज्यास आज अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगरात त्याने उपदेशक तयार करण्याची शाळा १८७८ साली उभी केली. त्याचा भाऊ एडवर्ड मुंबईस आला. ज्या देशाच्या हवेने बाप नेला त्या देशाचा द्वेष त्या मातेने मुलांस शिकविला नाही. ती रात्री दिव्यापाशी बसून त्यांस काय सांगत असेल, ते कोठे छापलेले आम्ही पाहिले नाही. पण काही तरी चांगलेच सांगत असली पाहिजे.

पुन्हा गेर्षोमाकडे येऊ. त्याचे पुढे काय झाले, याचा शोध आम्ही शास्त्रात केला. शास्ते यांच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी दान वंशाचे लोक मूर्ती उभी करितात, आणि तिचा पुजारी कोण, तर गेर्षोमाचा वंशज योनाथान. त्याच्या आजाचे नाव कित्येक प्रतींत मनश्शे असे आढळते. इब्री ग्रंथात मात्र मोशे या नावात एक अक्षर ओळीच्या वर वेगळे लिहून ते मनश्शे केलेले दिसते. सेमिनरीत हे आम्हांस पाठभेद म्हणून शिकविले होते, आणि परीक्षेत आम्ही ते बरोबर लिहिले. आता वाटते, ते अक्षर ज्या नकलनविसाने वर टांगले त्याचा हात कापला असेल. मोशेच्या नातवाने मूर्तीपुढे धूप जाळावा, हे त्यास लिहवेना! परंतु इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात तेविसाव्या व सव्विसाव्या अध्यायांत त्याच गेर्षोमाच्या घराण्यातील शबुएल देवाच्या घराच्या भांडारावर मुख्य नेमलेला आढळतो, आणि अलियेजराच्या वंशाचा विस्तार फार झाला असेही तेथे आहे. कोणी दानाकडे गेला, कोणी भांडारावर बसला. याचे कारण बापाच्या कामात शोधावे की बापाच्या प्रेमात, हे आम्हांस ठरविता येत नाही. पौलाने तीमथ्यास लिहिताना, जो आपल्या घराची व्यवस्था राखीत नाही तो मंडळी कशी सांभाळील, असा प्रश्न केला आहे, आणि तो प्रश्नच ठेवून दिला आहे (१ तीमथ्य ३:५).

आता त्या जोडप्याविषयी. भात कापणीच्या दिवसांत आम्ही कुटुंबासह त्यांच्या घरी गेलो. शिक्षक शाळेत होता. तसे पाहूनच गेलो होतो. चहा झाला. आमच्या कुटुंबाने मुलास मांडीवर घेतले, आणि आम्ही त्या मुलीस म्हटले, “बाई, जाण्याविषयी तुझे मन काय आहे?” ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मी भीत नाही, पाळकसाहेब. देवाने त्यांना विचारलं, आणि त्यांनी मला सांगितलं. मला कोणी विचारलंच नाही.” आमचे कुटुंब म्हणाले, “मग आता आम्ही विचारतो.” ती म्हणाली, “तुम्ही नाही. त्यांनी विचारू द्या.”

त्याच संध्याकाळी आम्ही तरुणास बोलावून हे जसेच्या तसे सांगितले. त्याचा चेहरा उतरला, आम्हांस वाटले रागावेल, पण तो म्हणाला, “मी तिच्या वतीनेही प्रार्थना करीत होतो.” आम्ही म्हटले, “तिच्या शेजारी बसून कर.” पुढच्या आदित्यवारी दोघे उपासनेस एकत्र आली, आणि मुलगा बापाच्या खांद्यावर होता, एरवी तो आईकडे असतो. शिफारसपत्र आम्ही लिहून ठेविले आहे. त्यावर सही केलेली नाही. नाताळानंतर दोघे येणार आहेत, आणि या खेपेस आधी तिने बोलावे असे ठरले आहे.